मदत हवी आहे: शॅमेलिऑनच्या पिंजऱ्यात झाडं आणि फांद्या कोणत्या?

घाईत_आहे
पिंजरा आला, दिवे लावले, प्राणी (शॅमेलिऑन, रंग बदलणारा सरडा) अजून प्रवासाच्या डब्यात आहे. आत बिनविषारी झाडं कोणती ठेवू? एके ठिकाणी मनी प्लांट उत्तम म्हणतात, दुसरीकडे तोच विषारी. डोकं फिरलंय. आवारात एका झाडाच्या छान सरळ फांद्या छाटून पडल्यात, त्या चालतील ना? आजच उरकायचंय. 'आधी अभ्यास करायचा होता' हे कृपया नको.

पर्णहरित
जात कोणती? नर की मादी? केवढा आहे? पिंजरा जाळीचा की काचेचा, मापं काय? फांद्या कोणत्या झाडाच्या?

घाईत_आहे
शॅमेलिऑनच आहे हो. हिरवा, डोक्यावर टोपीसारखा तुरा, शेपटीसकट वीतभर. जाळीचा पिंजरा, 60 × 60 × 120 सेंमी. फांद्या लाकडाच्या.

पर्णहरित
तुरा म्हणजे बहुधा व्हेल्ड जातीचा, येमेनकडचा. हे विचारलं कारण पँथर ही दुसरी जात सहसा पानांच्या वाटेला जात नाही, व्हेल्ड मात्र चक्क चरतो. त्याच्या पिंजऱ्यातलं प्रत्येक झाड ताटात वाढलंय असं समजूनच निवडा.

जास्वंद पहिली. पानं-फुलं खाल्ली तरी चालतं आणि फांद्या भार पेलतात. अरेका पाम, स्पायडर प्लांटही ठीक. मनी प्लांटचा घोळ असा, की पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, चावलं की तोंडाची आग होते, म्हणून तो विषारी झाडांच्या यादीत जातो. तरी शॅमेलिऑन पाळणारे तो सर्रास ठेवतात. एखाददुसऱ्या घासाने सहसा बिघडत नाही. आडोसा आणि पाण्याचे थेंब, दोन्हींसाठी तो चांगला. फक्त शेजारी जास्वंद हवी, म्हणजे चरायला तेवढंच एक उरत नाही. डायफेनबाकिया, क्रोटन, इंग्लिश आयव्ही, अझेलिया, घाणेरी, रुई, धोत्रा अजिबात नको.

कायमचं_हिरवं
एवढा उपद्व्याप कशाला? प्लास्टिकच्या वेली लावा. ना कीड, ना माती, महिन्यातून एकदा धुतल्या की झालं.

कुंडी_क्र_९
व्हेल्डला प्लास्टिकचं पानही पानच वाटतं. तोडून गिळलं की तुकडा आतड्यात अडकतो. शिवाय जाळीच्या पिंजऱ्यात ओल टिकवायला मदत होते ती खऱ्या पानांची.

कायमचं_हिरवं
जाड, न तुटणारी घ्या की मग. खरं झाड दिव्याखाली करपतं त्याचं काय?

कुंडी_क्र_९
दिव्याच्या थेट खाली ठेवूच नये. तिथे फांदी हवी, पानं बाजूला. पानांचं छत झालं तर दिव्याचे यूव्हीबी (अतिनील) किरण खाली पोचत नाहीत.

फांदीबहाद्दर
सगळे पानांतच अडकलेत. शॅमेलिऑनचा पाय म्हणजे चिमटा: एकीकडे दोन बोटं, दुसरीकडे तीन. वीतभर पिल्लाला पेन्सिलीएवढ्या आणि त्याहून बारीक फांद्या जास्त द्या, दोन-तीन अंगठ्याएवढ्या. सगळ्या एकाच जाडीच्या नकोत, पकड बदलत राहिली पाहिजे. गुळगुळीत बांबूवरून पाय घसरतो. चीड, देवदार राळेमुळे बाद.

फांदी जाळीला बांधू नका, जाळी फाटते. टोकाला छिद्र पाडून चौकटीच्या बाहेरून स्क्रू मारा, मध्ये मोठा वॉशर. बास्किंगच्या (ऊब घ्यायच्या) दिव्याखालची फांदी आडवी, 20 ते 25 सेंमी खाली. तापमान तुऱ्याच्या उंचीवर मोजा, फांदीवर नव्हे. 29 अंशांपुढे नको.

लावण्याआधी गरम पाण्याने खसखसून घासा आणि ओव्हनमध्ये 120 अंशांवर अर्धा तास ठेवा. समोर उभं राहून.

ऱ्हस्वदीर्घ
उच्चार 'कमीलियन' असा आहे. त्यापेक्षा सरळ घोयरा सरडा म्हणा ना.

कुंडी_क्र_९
घोयरा ही भारत-श्रीलंकेतली वेगळी जात. इथे जातीवरूनच सगळं ठरतंय, नावं सरमिसळ करू नका.

घाईत_आहे
ओव्हन तापत ठेवलाय. फांद्या मापाने कापतोय, जरा चिकट आहेत. गुलाबी फुलांचं झाड आहे ते.

पर्णहरित
थांबा. पानं लांब, चिवट, टोकदार? एका पेरावर तीन-तीन?

घाईत_आहे
हो, तीनच. का?

पर्णहरित
कण्हेर आहे. ओव्हन बंद करा. मुळापासून फुलापर्यंत सगळी विषारी, हृदयाचे ठोके बिघडवणारी. भाजून किंवा उकळून ते विष जात नाही. जाळूही नका, धूरही बाधतो. हात आणि करवत साबणाने धुवा, भुसा पिंजऱ्यात उडाला असेल तर ओल्या फडक्याने पुसून फडकं फेका. जास्वंदीच्या किंवा पेरूच्या फांद्या शोधा, औषध न फवारलेल्या.

फांदीबहाद्दर
'झाड ओळखीचं असेल तरच' हे लिहायचं राहिलं, चूक माझी. पद्धत मात्र बरोबर आहे.

पर्णहरित
किडे, अंडी, बुरशी यांच्यासाठी बरोबर. विषासाठी नाही.

कुंडी_क्र_९
झाडाचंही तेच. काही कीटकनाशकं मुळांतून शोषली जाऊन पानांत महिनोन्‌महिने राहतात, धुऊन निघत नाहीत. सुटलेला नाकतोडा ते पान खातो आणि शॅमेलिऑन नाकतोड्याला. काय फवारलंय हे सांगता न येणारं झाड नकोच. बाकी झाडांची जुनी माती झटका; पर्लाइट (मातीतले पांढरे हलके दाणे) आणि खताच्या रंगीत गोळ्या सगळ्या निघाल्या पाहिजेत. साधी माती भरा, पानं दोन्ही बाजूंनी धुवा. मातीवर त्याच्या डोक्याहून मोठे गोटे पसरा, म्हणजे माती चाटणार नाही आणि गोटा गिळता येणार नाही.

पर्णहरित
नर-मादीचं उत्तर राहिलंच. मागच्या पायाच्या टाचेला बारीक काटा दिसतो का? व्हेल्ड नराला तो जन्मापासून असतो.

घाईत_आहे
दोन्ही टाचा साफ.

पर्णहरित
मग मादी. नर नसतानाही ती अंडी घालते. जागा मिळाली नाही तर अंडी पोटात अडकून जिवावर बेततं. निदान 30 सेंमी खोल बादलीत धुतलेली वाळू आणि माती ओलसर करून भरा. बोटाने पाडलेलं भोक ढासळता कामा नये. वीतभर आहे, म्हणजे फार दिवस हातात नाहीत.

घाईत_आहे
त्यावरपण गोटे घालू का?

कुंडी_क्र_९
नाही हो. खणणार कशी ती? गोटे फक्त झाडांच्या कुंड्यांवर.