केनियात तीन आठवडे क्लिनिकल सेवेसाठी जायचंय: लसी, परवानगी, सुरक्षितता?

प्रश्न: नर्सिंग विद्यार्थिनी, लातूर

नमस्कार. बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या वर्गातल्या आठ जणी पुढच्या उन्हाळी सुट्टीत एका एजन्सीमार्फत केनियाला जायचा विचार करतोय. किसुमूजवळच्या रुग्णालयात तीन आठवडे सेवा. माहितीपत्रकात लिहिलंय की डिलिव्हरी, टाके, आयव्ही (शिरेतून सलाइन-औषध देणं) सगळं स्वतःच्या हातानं करायला मिळेल. पासपोर्ट अजून कुणाकडंच नाही. लसी कोणत्या आणि किती आधी घ्यायच्या? हे दिवस लॉगबुकात (क्लिनिकल कामाच्या नोंदवहीत) धरतात का? घरचे सुरक्षिततेचं विचारतायत, त्यांना काय सांगू?

उत्तर: सिस्टर ट्यूटर, नांदेड

ताई, त्या माहितीपत्रकातलं "टाके स्वतःच्या हातानं" हे वाक्य वाचूनच एजन्सीला प्रश्न विचारायला हवेत. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी पास झाल्यावर मिळते. म्हणजे आज तुम्ही इथंही स्वतंत्रपणे काही करू शकत नाही, मग तिथं कशा कराल? तिथल्या बाईचं अंग शिकाऊ हातांसाठी मोकळं नाही. नियम एकच ठेवा: जे काम इथं देखरेखीखाली करून तुमच्या लॉगबुकात सही झाली आहे तेवढंच तिथं करायचं, तेही देखरेखीखालीच. मिडवाइफरी (बाळंतपणाचा विषय) सहाव्या आणि सातव्या सेमिस्टरला आहे. तुमचं ते पूर्णच झालेलं नसेल, तर डिलिव्हरीत फक्त बघायचं आणि मदत करायची. व्हायटल्स (नाडी, ताप, रक्तदाब), साधं ड्रेसिंग, इनटेक-आउटपुट (शरीरात गेलेलं आणि बाहेर पडलेलं पाणी) मोजणं, ओआरएस शिकवणं, स्तनपानाचं समुपदेशन यात तीन आठवडे भरगच्च जातात.

पैसे भरण्याआधी रुग्णालयाच्या लेटरहेडवर पत्र मागा. एजन्सीचं पत्र चालणार नाही. त्यात वॉर्ड कोणते, प्रत्येक पाळीत देखरेख करणारी नोंदणीकृत नर्स कोण, विद्यार्थिनींना कोणती कामं देणार आणि तिथल्या कौन्सिलची परवानगी कोण काढणार, हे यायला हवं. फीपैकी रुग्णालयाला किती जातात हेही विचारा. उत्तर टाळलं तर तिथंच थांबा. केनियात २०२४ पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन ईटीए (प्रवासाची आगाऊ परवानगी) लागतो. प्रवासाचं कारण त्यात खरं लिहा. "पर्यटन टाका, चालतं" असं सांगणाऱ्याच्या भरवशावर जाऊ नका.

लॉगबुकाचं: कॉलेजचा त्या रुग्णालयाशी करार नसेल तर ते तास धरत नाहीत. थिअरीला ८० टक्के हजेरी पुरते, पण पदवीआधी प्रॅक्टिकलची १०० टक्के भरावीच लागते. परतीचं विमान पोस्टिंग सुरू व्हायच्या आधीचं हवं, आणि प्राचार्यांची लेखी परवानगी घ्या. पुढं परदेशात नोकरीसाठी अर्ज करताना हा अनुभव म्हणून दाखवता येईल अशी आशा धरू नका. नोंदणीनंतरचा अनुभवच मोजतात.

उत्तर: कम्युनिटी मेडिसिन, छत्रपती संभाजीनगर

लसींचं मी सांगतो. क्रम चुकला की सगळं अडतं.

सगळ्यात आधी पासपोर्ट. साधी फी १५०० रुपये. हॉस्टेलचा पत्ता टाकलात तर पोलीस पडताळणी तिथल्या ठाण्याकडून होते, त्या काळात गावी जाऊन बसू नका. पासपोर्ट आधी का? कारण पिवळ्या तापाच्या प्रमाणपत्रावर त्याचा नंबर लागतो. ही लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते. सोयीचं केंद्र कोणतं ते बघा, तारीख आधी घ्या. प्रमाणपत्र लस घेतल्याच्या १० दिवसांनी लागू होतं आणि आता आयुष्यभर चालतं. ते नसेल तर केनियाहून परतल्यावर आपल्याच विमानतळावर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. अंड्याची तीव्र ॲलर्जी, गरोदरपण किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं असतील तर आधी डॉक्टरांना सांगा.

हिपॅटायटिस बी सगळ्यात वेळखाऊ. डोस ०, १ आणि ६ महिन्यांना, आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस टायटर (लसीनं तयार झालेलं संरक्षण मोजणारी रक्ततपासणी). तो १० mIU/ml किंवा जास्त हवा. पहिल्या वर्षी तीन डोस झालेत म्हणून निर्धास्त राहू नका, टायटर करा. डोस राहिलेच असतील आणि वेळ कमी असेल तर ०, ७, २१ दिवस आणि १२ महिन्यांनी बूस्टर असा वेगळा क्रम आहे. टायफॉइड, हिपॅटायटिस ए, धनुर्वात-घटसर्प तपासून घ्या.

मलेरिया. नैरोबी उंचावर आहे, तिथं धोका कमी. किसुमू मात्र व्हिक्टोरिया सरोवराकाठी आहे, तिथं फाल्सिपेरम (मलेरियाचा सगळ्यात घातक प्रकार) भरपूर, आणि क्लोरोक्विन त्यावर चालत नाही. डॉक्टर बहुधा डॉक्सिसायक्लिन १०० मिग्रॅ रोज देतील: निघण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून, परतल्यावर ४ आठवड्यांपर्यंत. मुली हे परतल्यावरच सोडून देतात, आणि ताप नेमका तेव्हा येतो. गोळी जेवणानंतर, पूर्ण ग्लासभर पाण्यासोबत घ्यावी आणि लगेच आडवं होऊ नये. नाहीतर अन्ननलिकेत जखम होते. ऊन टाळा, मच्छरदाणी वापरा.

उत्तर: वॉर्ड इन्चार्ज, अंबाजोगाई

घरच्यांच्या प्रश्नाचं खरं उत्तर सुईत आहे. सुई टोचली तर काय, हे जाण्याआधी कागदावर हवं. जखम साबण-पाण्यानं धुवायची, पिळायची नाही. लगेच इन्चार्जला सांगायचं. पीईपीचा (एचआयव्हीची लागण टाळण्यासाठीच्या औषधांचा) पहिला डोस शक्यतो २ तासांत, फार तर ७२ तासांत, आणि कोर्स २८ दिवसांचा. रात्री दोन वाजता पहिला डोस कुठल्या कपाटात मिळेल आणि किल्ली कुणाकडं असते, हे पोचल्या दिवशी बघा. कोर्स अर्धा असताना परत आलात तर इथल्या एआरटी केंद्रात (एचआयव्हीच्या औषधांच्या सरकारी केंद्रात) पुढची औषधं मोफत मिळतात, पण तिथली कागदपत्रं सोबत आणा. विमा घेताना कामावरच्या संसर्गाचा खर्च धरलाय का ते वाचा. बऱ्याच प्रवासी पॉलिसींत तो वगळलेला असतो.

कचऱ्याच्या पिशव्यांचे रंग इथल्यासारखे नाहीत. आपल्याकडं लाल पिशवीत आयव्ही सेट, कॅथेटर टाकतो. केनियात लाल म्हणजे अतिसंसर्गजन्य. सवयीनं हात जाऊ देऊ नका. शार्प्सचा (सुया, ब्लेडचा) डबा तीन-चतुर्थांश भरला की बंद, वरून दाबायचा नाही. निडल रिकॅप करायची नाही, म्हणजे टोपण परत लावायचं नाही.

सोबत एन९५, गॉगल, स्वतःचा स्टेथो न्या. हातमोजे त्यांच्या साठ्यातून संपवू नका, आपले न्या. औषधांच्या सॅम्पलच्या पिशव्या मात्र नको. दान द्यायचं तर त्यांनी मागितलेलंच, आणि पोचल्यावर किमान १२ महिने मुदत शिल्लक असलेलं. कात्री चेक-इन बॅगेत, पॉवर बँक हातातल्या बॅगेत.

प्रश्नकर्ती

मॅडम, सर, खूप आभार. दोन शंका. आमच्यापैकी पाच जणी लोहाच्या गोळ्या घेतात, डॉक्सिसोबत चालतील का? आणि टीबीसाठी मँटू (त्वचेवरची चाचणी) आधी करायची की लसीनंतर?

उत्तर: कम्युनिटी मेडिसिन, छत्रपती संभाजीनगर

लोह आणि डॉक्सि एकत्र घेतल्या तर डॉक्सि नीट शोषली जात नाही. डॉक्सि सकाळी नाश्त्यानंतर, लोह रात्री. ॲसिडिटीचं औषधही डॉक्सिजवळ घेऊ नका.

मँटू आधी करा, किंवा लसीच्याच दिवशी. एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेला), पिवळा ताप या जिवंत लसी घेतल्या असतील तर मँटू ४ आठवडे पुढं ढकला, नाहीतर खोटी निगेटिव्ह येऊ शकते. या दोन लसीही एका दिवशी जमल्या नाहीत तर त्यांच्यातही ४ आठवडे ठेवा. आधीची मँटू निगेटिव्ह असेल तर परतल्यावर ८ ते १० आठवड्यांनी पुन्हा करायची. आणि परतल्यापासून तीन महिन्यांत कधीही ताप आला तर व्हायरल समजून अंगावर काढू नका. केनियाहून आलेय असं सांगून त्याच दिवशी मलेरियाचा स्मीअर (रक्ताची तपासणी) करून घ्या.