मदत हवी आहे: मळ्यातील वन बीएचकेच्या नव्या करारावर सही करावी का?

नमस्कार.

पणजीत मळा भागातील एका जुन्या इमारतीत, पहिल्या मजल्यावरच्या वन बीएचकेमध्ये मी आणि माझी आई गेली नऊ वर्षे भाड्याने राहत आहोत. दर अकरा महिन्यांनी लीव्ह अँड लायसन्सचा नवा कागद व्हायचा, मालकीणबाई तो न वाचताच सही करायच्या आणि भाडे पाचशेने वाढवायचे की नाही हे चहा घेताना ठरायचे. गेल्या वर्षी बाई मुलीकडे राहायला गेल्या आणि व्यवहार त्यांच्या पुतण्याकडे आला. त्यांनी पाठवलेल्या नव्या मसुद्याला मला या महिनाअखेरपर्यंत उत्तर द्यायचे आहे.

भाडे ११,००० वरून १९,००० केले आहे. ते जड आहे, पण त्यामागचे कारण कळते. फोंताइन्हास आम्हाला लागूनच आहे; तिथे रंगीत भिंतींपुढे फोटो काढणाऱ्यांची इतकी गर्दी होऊ लागली की रहिवाशांना दारांवर मनाईच्या पाट्या लावाव्या लागल्या, आणि ती वर्दळ आता आमच्या गल्लीपर्यंत पोहोचली आहे. इमारतीतील सहापैकी तीन घरांना आकडे दाबून उघडणारी कुलपे बसली असून आत दर दोन दिवसांनी नवी माणसे असतात. मुसळधार पाऊस आणि मांडवीची भरती एकाच वेळी आली की मळ्यात पाणी तुंबते, ते मात्र बदललेले नाही. गेल्या जुलैत ते जिन्याच्या दुसऱ्या पायरीपर्यंत आले, तेव्हा त्या तिन्ही घरांत कोणीही नव्हते.

माझा प्रश्न भाड्याचा नसून मसुद्यातील दोन कलमांचा आहे. पहिले असे की २० डिसेंबर ते ५ जानेवारी या काळात आम्ही घर ‘मालकाच्या कौटुंबिक वापरासाठी’ मोकळे करून द्यायचे आणि आपले सामान शयनगृहातील कपाटात कुलूपबंद ठेवायचे. दुसरे असे की घराची एक किल्ली कायम मालकाकडे राहील आणि त्यांना पूर्वसूचना न देता आत येता येईल. हे सारे नाताळच्या पर्यटकांसाठी चालले असावे, असे मला आधी वाटले. नंतर एका परिचित वकिलांनी लक्षात आणून दिले की घर भाडेपट्ट्याने दिले की केवळ परवान्याने (म्हणजे लीव्ह अँड लायसन्सने), हे ठरवताना कागदाच्या शीर्षकापेक्षा त्यातील आशय पाहावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ सालीच म्हटले आहे. आणि राहणाऱ्याकडे घराचा अनन्य ताबा, म्हणजे मालकालाही बाहेर ठेवता येईल असा ताबा, आहे का, हा त्यातला मोठा निकष असतो. म्हणजे ती किल्ली आणि ते सतरा दिवस यांचा उपयोग, नऊ वर्षांच्या आमच्या सलग वास्तव्यातून भाडेकरूपणाचा दावा उभा राहू नये, यासाठीही होऊ शकतो. पुतणे इतका दूरचा विचार करत असतील की कुठला तरी तयार नमुना त्यांनी उतरवून घेतला असेल, हे सांगता येत नाही.

म्हणून जाणकारांना विचारतो. अशा कागदावर एकदा सही केली, तर १९६८ च्या गोव्यातील इमारत भाडे नियंत्रण कायद्याखाली पुढे काही मागण्याचा माझा मार्ग बंद होतो का, की मागील नऊ कागदांचा आशय स्वतंत्रपणे पाहिला जातो? तसेच, त्या सतरा दिवसांत घर पर्यटकांना दिले गेले आणि पर्यटन खात्याकडे १९८२ च्या कायद्यानुसार त्याची नोंदणी नसेल, तर पोलिसांकडे भाडेकरू म्हणून ज्याचे नाव आहे अशा मला त्याचा त्रास होऊ शकतो का? कृपया महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्यावरून उत्तर देऊ नये. पुण्याच्या मावसभावाने तसा सल्ला दिल्यामुळे मी आठवडाभर करार नोंदणीच्या चौकशीत घालवला आणि मग तो कायदा इथे लागूच नाही हे कळले.

ताळगाव किंवा पर्वरीला जा, असे पुष्कळ जण सुचवतात. पर्वरीत याच पैशांत नवी, लिफ्ट असलेली जागा मिळेल, हे खरे आहे. परंतु माझे काम जवळच्या पाटो भागात असल्याने मी चालत जातो, आणि आई वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी रोज एकटी मारुतीच्या देवळात जाऊन येते, कारण वाटेतले प्रत्येक दार तिच्या ओळखीचे आहे. त्यामुळे ही सूचना मी शेवटी ठेवली आहे.

मी असे उत्तर देण्याच्या विचारात आहे: भाडे १७,००० पर्यंत मान्य, मालकांनी यायचे तर चोवीस तास आधी कळवावे, आणि सतरा दिवसांचे कलम पूर्ण वगळावे. आणखी एक कलम आहे, छताला वा भिंतीला खिळा ठोकू नये असे. चवथीच्या माटोळीसाठी, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात त्या फळाफुलांच्या आराशीसाठी, बाईंनी स्वतः सुतार बोलावून बसवून दिलेले चार आकडे बैठकीच्या छताला आहेत. ते करारात आधीपासूनचे म्हणून लिहून घ्यायचे असल्यास शब्दयोजना कशी असावी, हेही कोणी सांगितल्यास आभारी राहीन.