फ्लॉरेन्सचं हॉटेल, गाडीचा नंबर आणि लिफ्ट - अर्जंट मदत हवी

इसारकाठचा:
लोकहो, अर्जंट आहे. शनिवारी फ्लॉरेन्सला निघतोय, तीन रात्री. बायकोने जुन्या शहराच्या अगदी पोटात एक बुटीक हॉटेल शोधून काढलं, जुना पालाझ्झो, म्हणजे तिकडचा वाडा आहे, फोटोत छतावर चित्रंबित्रं, फक्त ९ खोल्या. पैसे तीन महिन्यांपूर्वीच भरलेत, नॉन रिफंडेबल. आणि आज हॉटेलचा इटालियनमधून मेल, की गाडीचा नंबर कळवा नाहीतर दंड होईल, शिवाय लिफ्टबद्दल पण काहीतरी लिहिलंय. आता मी नंबर कुठून आणू? हे लोक आधी का सांगत नाहीत? फोन उचलत नाहीत. कुणाला अनुभव असेल तर पटकन सांगा, ऑफिसातून लिहितोय.

कोल्हापुरी_ठसका:
नंबर कुठून आणू म्हंजे? गाडीच्या मागं-पुढं लिवलेला असतोय की.

रुळावरून:
गाडी नेताच कशाला? इटलीत गाडी नेणं म्हणजे विकतचं दुखणं. ट्रेनने जा. रोमहून फ्लॉरेन्स दीड तास, स्टेशन शहराच्या मधोमध, उतरलं की चालत हॉटेल. आम्ही दोन वेळा इटली केली, स्टिअरिंगला हात लावला नाही.

इसारकाठचा:
रोमहून नाही येत हो, म्युनिकहून येतोय.

मिलानची_मावशी:
सगळ्यांनी जरा थांबा. हॉटेल बोलतंय ते झेडटीएलबद्दल. झोना त्राफिको लिमितातो, म्हणजे जुन्या गावठाणात बाहेरच्या गाड्यांना बंदी. पोलीस उभा नसतो, खांबावर कॅमेरा असतो, तो तुमच्या गाडीच्या नंबरपाटीचा फोटो काढतो आणि परवानगीच्या यादीत नंबर नसेल तर दंड. हॉटेलात उतरणाऱ्याला सामान घेऊन दारापर्यंत जाता येतं, पण त्यासाठी हॉटेलने तुमचा नंबर त्या यादीत घालावा लागतो. म्हणून मागतायत, तुमच्याच भल्यासाठी. आता सांगा, गाडी स्वतःची की भाड्याची? हॉटेल नक्की कुठल्या भागात? पोचणार किती वाजता? माणसं किती? हे कळल्याशिवाय कुणी काय डोंबल सांगणार.

इसारकाठचा:
गाडी भाड्याची आहे, शनिवारी सकाळी ताब्यात मिळणार, म्हणून तर नंबर नाही ना!! हेच तर विचारतोय.

नुसताच_वाचक:
हे वर कुठेच लिहिलेलं नाही. दोनदा वाचलं.

सांजवात:
आमचा अनुभव सांगते. २०१८ ला आम्ही पिसाहून आलो, जीपीएस नेईल तिकडे गेलो, हॉटेल सापडेना म्हणून त्याच गल्लीतून तीन चकरा मारल्या. आठ महिन्यांनी घरी तीन पत्रं आली. तेव्हा दर वेळी कॅमेऱ्याखालून गेलं की वेगळा दंड होता, आणि गाडी भाड्याने देणाऱ्या कंपनीने तुमचं नाव-पत्ता पोलिसांना कळवल्याबद्दल स्वतःची फी आमच्या कार्डातून तिन्ही वेळा आधीच कापलेली होती. नवऱ्याने ती पत्रं अजून ठेवलीयत, भांडण झालं की काढतो, कारण नकाशा माझ्या हातात होता.

अस्सल_मुंबईकर:
अरे दंड भरायचाच नाही, सोपंय. आम्हाला पण आलं होतं पत्र, रद्दीत दिलं. इटलीचा हवालदार डोंबिवलीला येणारे का वसुलीला?

मिलानची_मावशी:
तुम्ही डोंबिवलीत राहता, धागाकर्ते म्युनिकला राहतात. युरोपातल्या युरोपात दंड वसूल होतो. परदेशी पत्त्यावर पत्र पाठवायला त्यांच्याकडे ३६० दिवस असतात आणि मिळाल्यापासून ५ दिवसांत भरलं तर ३० टक्के कमी होतो. कृपया असले सल्ले देऊ नका.

अस्सल_मुंबईकर:
सल्ला नाही, अनुभव सांगितला. तुम्हाला नको तर सोडा.

रुळावरून:
म्युनिकहूनही ट्रेन आहेच. व्हेरोना किंवा बोलोन्याला बदलायची. ब्रेनरच्या घाटातून खिडकीत बसून जाण्यातली मजा गाडीत नाही. शिवाय ऑस्ट्रियाचा विनिएट (हायवेचा टोल-स्टिकर), ब्रेनरचा वेगळा टोल, मग इटलीचा टोल. हिशोब करा.

इसारकाठचा:
सहा माणसं आहोत. मी, बायको, मुलगी ६ वर्षांची, आई-बाबा आणि सासूबाई. सात सीटरची गाडी घेतलीय. ट्रेनमध्ये सहा जणांच्या बॅगा घेऊन दोनदा चढ-उतर नाही करू शकत, आईचा उजवा गुडघा डिसेंबरात बदललाय. आता परत ट्रेन म्हणू नका प्लीज.

मिलानची_मावशी:
गुडघा! हे पहिल्या ओळीत पाहिजे होतं हो. मग लिफ्टबद्दल काय लिहिलंय ते आधी सांगा, गाडीपेक्षा ते मोठं आहे. हॉटेल कितव्या मजल्यावर?

इसारकाठचा:
तिसऱ्या. लिफ्ट नाही असं दिसतंय मेलवरून. बायकोला अजून सांगितलं नाहीये.

पेठेतला_पक्का:
तिसरा मजला म्हणजे आपल्याकडचा तिसरा समजू नका. पालाझ्झोचे मजले उंच, छत चौदा-पंधरा फुटांवर, म्हणजे तुमच्या सोसायटीच्या हिशोबाने पाचवा धरा. आणि असल्या हॉटेलांची गंमत अशी की अख्खी इमारत त्यांची नसतेच. खाली एखादं दुकान, मधल्या मजल्यावर वकिलाचं ऑफिस, वर तुमचं हॉटेल. रस्त्यावर भलंमोठं लाकडी दार, बाजूला पितळी बटणांची रांग, त्यात हॉटेलचं नाव मुंगीएवढं. मी शनिवार पेठेत वाड्यात वाढलो, आमचा जिना अंधारा आणि इतका उभा होता की वरून दोर सोडलेला, तो धरून चढायचं. फ्लॉरेन्सला जिना चढताना हात आपोआप दोर शोधत होता. लोक त्याच जिन्यासाठी रात्रीचे २०० युरो देतात आणि आमचा वाडा पाडून तिथे पार्किंगसकट सहा मजले झाले.

कोल्हापुरी_ठसका:
वाडा पाडताना फ्ल्याट कितीचा घेतलासा ते पण लिवा.

पेठेतला_पक्का:
तो मुद्दा नाही.

डॉ_सांधेसुधे:
ऑपरेशनला चार महिने होऊन गेले असतील तर जिना चढायला हरकत नसते, पण सर्जनला विचारा, इथे कुणी पेशंट पाहिलेला नाही. चढताना चांगला पाय आधी वरच्या पायरीवर, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी खाली. काठी घ्या, कठड्याच्या बाजूने चाला, घाई करायची नाही. दिवसातून एकदाच खाली-वर होईल असा कार्यक्रम ठेवा. दुओमोच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चच्या, घुमटाच्या ४६३ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही, तिकडे त्यांना नेऊ नका. खाली आइस्क्रीम खात बसवा.

व्हेनिसवेडी:
व्हेनिसला गाडी आत जातच नाही, पियाझ्झाले रोमाला ठेवावी लागते आणि पुढे बोट. पुलांना पायऱ्या असतात, सिनियर लोकांनी चाकाची बॅग टाळावी.

इसारकाठचा:
व्हेनिसला जात नाहीये. लोकहो, नंबरचं कुणीतरी सांगा, हॉटेलने आजच मागितलाय.

मिलानची_मावशी:
सांगते. नंबर आज नसला तरी काही अडत नाही. मेल करा की गाडी भाड्याची आहे, शनिवारी सकाळी पाटीचा फोटो पाठवतो. आत गेल्यानंतरही हॉटेल नंबर कळवू शकतं, फक्त पोचल्यावर काउंटरवर हातात लिहून द्या आणि त्यांनी पाठवला का ते दुसऱ्या दिवशी परत विचारा. हेच लोक विसरतात, हॉटेलही विसरतं, आणि पत्र तुम्हाला येतं. आणि पोचणार कधी? दुसऱ्यांदा विचारतेय.

इसारकाठचा:
सकाळी ७ ला निघू, साडेसहाशे किमी आहे, जेवण, आईचे थांबे वगैरे धरून संध्याकाळी ५-६. शनिवारी. मंगळवारी सकाळी नाश्ता करून परत. हॉटेल सान्ता क्रोचेच्या बाजूला आहे, चर्चपासून चार मिनिटं.

मिलानची_मावशी:
अहो मग! फ्लॉरेन्सचं झेडटीएल सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेसात ते रात्री आठ, शनिवारी साडेसात ते दुपारी चार. रविवारी दिवसा नाही. एप्रिल ते ऑक्टोबरची सुरुवात एवढ्यात गुरुवार-शुक्रवार-शनिवार रात्री ११ ते ३ परत चालू. म्हणजे तुम्ही शनिवारी सहाला पोचलात तर दार उघडंच आहे. कॅमेऱ्याजवळ पाटी असते, लाल अक्षरात 'वार्को आत्तिवो' म्हणजे चालू, हिरव्यात 'नॉन आत्तिवो' म्हणजे बंद, ती वाचूनच आत शिरा. दुओमोच्या भोवती मात्र कधीच जायचं नाही, तो चौक २००९ पासून पायी चालणाऱ्यांचाच आहे. जीपीएसला हे कळत नाही.
पण आत गेलात तरी सान्ता क्रोचेत गाडी ठेवणार कुठे? सामान आणि आईंना उतरवा, मग गाडी बाहेर काढा. जुन्या शहराभोवतीच्या रिंग रोडवर पियात्सा बेक्कारिया नावाच्या चौकात जमिनीखाली पार्किंग आहे, ते झेडटीएलच्या बाहेर. तिथून हॉटेल चालत येण्यासारखं.

पेठेतला_पक्का:
ती रिंग म्हणजे जुना तट होता बरं का. १८६५ ते १८७१ फ्लॉरेन्स इटलीची राजधानी होतं, तेव्हा तट पाडून रुंद रस्ते केले. वेशी मात्र तशाच ठेवल्यात, बेक्कारियाच्या मधोमध एक उभी आहे, तिला वळसा घालून गाड्या जातात. आपल्याकडे

पेठेतला_पक्का:
(चुकून अर्धवट पोस्ट झालं, असो, आपल्याकडचं सांगून काय उपयोग.)

नुसताच_वाचक:
आणि मंगळवारी सकाळी? तेव्हा तर चालू असेल. गाडी परत दारात आणायची तर नंबर लागणारच.

इसारकाठचा:
अरे हो. हे लक्षातच आलं नाही.

सुरभीज_किचन:
माझं मत वेगळं आहे. गाडी शहरात नेऊच नका. ए१ हायवेवरून थेट विला कोस्तांझाचं पार्किंग आहे, टोलनाक्याबाहेर पडावं लागत नाही, गाडी ठेवा आणि टी१ ट्राम पकडा, वीसेक मिनिटांत मोठ्या स्टेशनशी. तिथून टॅक्सी, टॅक्सीला झेडटीएलची बंदी नाही. फक्त हात करून थांबत नाहीत, स्टँडवरच मिळतात किंवा फोन करून बोलवायच्या. आम्ही असंच केलं, सासरे ७४ चे होते, काही त्रास झाला नाही.

मिलानची_मावशी:
सहा माणसं, सहा बॅगा, ट्रामने? आणि पुढे दोन टॅक्स्या?

सुरभीज_किचन:
मी माझा अनुभव सांगितला, त्यांना बरं वाटेल ते करतील. अवांतर, तिकडचा पाव बिनमिठाचा असतो, सासऱ्यांना वाटलं बेकरीवाला विसरला, त्यांनी चक्क परत नेऊन दाखवला. त्याच शिळ्या पावाचं आणि टोमॅटोचं पाप्पा अल पोमोदोरो करतात, ते आईंना आवडेल, आपल्या फोडणीच्या पावाचं ओलं भावंड म्हणा. वरून तिखट आपलं आपण घालायचं.

कोल्हापुरी_ठसका:
तिखट नेताय न्हवं? त्यो मुद्दा कुणी काढंना.

गोड_खाऊ:
भारतातून येताना तूप, पेढे, दुधाचं काही युरोपात आणू देत नाहीत हे आईंना सांगा.

इसारकाठचा:
आई महिन्यापूर्वीच आलीय म्युनिकला. आणि खाण्याचं बायको बघतेय, आईचा चहाच फक्त प्रश्न आहे, पाच वाजता उठते.

सांजवात:
किटली घरून न्या! इटलीत बऱ्याच हॉटेलात खोलीत किटली नसते. आणि अजून एक, पत्ता नीट वाचा. फ्लॉरेन्समध्ये एका रस्त्यावर दोन वेगळे नंबर चालतात, दुकानांचे लाल आणि घरांचे निळे-काळे. आम्ही रात्री अकराला ३० नंबर शोधत गेलो तर चामड्याच्या पिशव्यांचं बंद दुकान, पाटीवर लाल ३०, पत्त्यात लिहिताना पुढे बारीक आर लावतात. निळा ३० अजून दोनशे पावलं पुढे निघाला. बॅग ओढत दगडी फरशीवरून. तोवर मी नवऱ्याशी बोलणं बंद केलं होतं.

नुसताच_वाचक:
त्या लिफ्टचं काय झालं? मेलमध्ये शब्द काय आहेत नेमके?

इसारकाठचा:
'लाशेन्सोरे पार्ते दाल मेद्झानीनो' असं काहीतरी. मी फक्त मेद्झानीनो आणि पुढे पायऱ्यांचा आकडा बघितला, २२, आणि डोकंच फिरलं.

मिलानची_मावशी:
म्हणजे लिफ्ट आहे! मेद्झानीनो म्हणजे तळमजला आणि पहिला यांच्यामधला अर्धा मजला. लिफ्ट तिथून सुटते, २२ पायऱ्या चढून. जुन्या जिन्याच्या मधल्या पोकळीत मागाहून बसवतात, खालपर्यंत आणायला जागा नसते. दोन माणसं कशीबशी मावतात, बॅग वेगळी पाठवावी लागते. आईंना एकटीला आत उभं करू नका, दार हाताने ओढून लावायचं असतं, नीट लागलं नाही तर जागची हलत नाही.

डॉ_सांधेसुधे:
२२ पायऱ्या ठीक आहे. मध्ये एकदा थांबा.

इसारकाठचा:
मावशी तुम्ही देव आहात. मी आईला सांगितलं होतं जायचंच नाही म्हणून. सकाळपासून बोलत नाहीये.

हिशोबी:
टुरिस्ट टॅक्सचे पैसे वेगळे ठेवा, खोलीच्या भाड्यात धरलेले नसतात. माणशी दर रात्री, हॉटेलच्या स्टारप्रमाणे, पाच स्टारला ८ युरो. बारा वर्षांखालच्यांना माफ, म्हणजे तुमचे पाच जण गुणिले तीन. सगळ्यांचे मूळ पासपोर्ट हाताशी ठेवा, पोलिसांकडे नोंद करावी लागते त्यांना. आणि सोमवारी उफिझी (चित्रांचं म्युझियम) बंद, डेव्हिडचा पुतळा आहे ते म्युझियमही बंद. तुमच्याकडे रविवारच उरतो. तिकिटं काढलीत का?

इसारकाठचा:
नाही. तिकिटं आधी काढावी लागतात??

हिशोबी:
दुसरा धागा काढा.

इसारकाठचा:
अपडेट. हॉटेलने मेलला उत्तर दिलं, 'व्हा बेने', एवढंच. म्हणजे चालेल ना? शनिवारी पाटीचा फोटो पाठवतो. गाडी बेक्कारियाला ठेवायची ठरलीय, मंगळवारी बाबा आणि मी गाडी आणायला जाऊ, तोपर्यंत बायको सगळ्यांना खाली आणेल. आईला लिफ्टचं सांगितलं, म्हणाली जिना बघू, लिफ्टमध्ये मी एकटी नाही जाणार.

मिलानची_मावशी:
हो, व्हा बेने म्हणजे ठीक आहे. तरी मंगळवारी निघताना काउंटरवर परत विचारा नंबर पाठवला का.

रुळावरून:
ब्रेनरला शनिवारी चिक्कार ट्रॅफिक असतं. सहाला पोचाल असं वाटत नाही.