लूला जाऊ द्यायचं की नाही

ग्रुप: घरचे सगळे, इकडचे आणि तिकडचे

रविवार, २ मार्च २०१४

शलाकावहिनी (न्यू वेस्टमिन्स्टर): आत्ता घरी पोचलो. स्कायट्रेनमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. आपली आइस हॉकीची टीम, व्हँकुव्हर कॅनक्स, २-० ने पुढे होती आणि ४-२ ने हरली. पण काका, हरल्याचं एवढं नाही वाटलं, त्या ओरडण्याचं जास्त वाटलं. एडी लॅक बिचारा नेटमध्ये उभा, आणि आपलेच लोक बेंचवरच्या लुओंगोसाठी ‘वी वाँट लू’ म्हणून ओरडतायत. पाऊस म्हणून बीसी प्लेस स्टेडियमचं छप्पर बंद होतं, त्यामुळे आवाज आतल्या आत घुमत होता.

विनूकाका (बर्नबी): टीव्हीवरही स्पष्ट ऐकू येत होतं. लॅकचं वाईट वाटलं, पण लोकांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ५४ हजार माणसं आली होती. एवढा मोठा सामना आपल्या गावात होतोय, आपला गोली, म्हणजे गोलकीपर लू, आठवड्यापूर्वी सोची ऑलिम्पिकमधून सुवर्णपदक घेऊन आलाय, आणि कोच टॉर्टोरेला त्याला बेंचवर बसवतो!

मेघाताई (सरे): काका, सोचीत तो एकच सामना खेळला. ऑस्ट्रियाशी. बाकी सगळे दुसरा गोली केरी प्राइस खेळला.

विनूकाका: त्या एका सामन्यात एकही गोल खाल्ला नाही. ६-०.

चिन्मय: बाबा, बुधवारी डेडलाइन आहे. त्याच्या आत त्याला ट्रेड करावं असं मला वाटतं.

विनूकाका: हे तू म्हणतोस? तुझ्या खोलीत भिंतीवर कोणाचा फोटो आहे?

चिन्मय: म्हणूनच म्हणतोय.

आत्या (दादर): विनू, पहाटे पहाटे फोन नुसता वाजतोय. हा लू कोण? आणि ट्रेड म्हणजे काय, विकणार का त्याला?

विनूकाका: ताई, विकत नाहीत. अदलाबदल करतात. खेळाडूच्या बदल्यात दुसरा खेळाडू घ्यायचा, नाहीतर पुढच्या ड्राफ्टमधला नंबर, म्हणजे नवी मुलं निवडताना आपला हक्क. बहुतेकांना कोणी विचारतही नाही. सकाळी फोन येतो आणि रात्री तो दुसऱ्या गावात. रॉबर्टो लुओंगोला मात्र त्याच्या होकाराशिवाय पाठवता येत नाही, तसं करारातच लिहिलंय.

आणि लू कोण ते आज नीटच सांगतो, कारण इथे नवी मुलं आकडे घेऊन बसली आहेत. आम्ही २००६ साली इथे आलो. तोही त्याच वर्षी जूनमध्ये फ्लोरिडाहून आला. हॉकी म्हणजे गवतावरची, एवढंच मला माहीत होतं. एप्रिल २००७, त्याचा एनएचएल लीगमधला पहिला प्लेऑफ (बाद फेरीचा) सामना, समोर डॅलस. सामना बरोबरीत सुटला, मग एक ओव्हरटाइम, दुसरा, तिसरा, चौथा. मध्यरात्र उलटली. चिन्मय माझ्या मांडीवर झोपला होता, पुन्हा उठून बसला. त्या रात्री लुओंगोनं ७२ शॉट अडवले, ताई. ७२! आणि आपण ५-४ ने जिंकलो. दुसऱ्या दिवशी माझ्याशी कधीही न बोलणारा शेजारी कुंपणापाशी थांबला आणि म्हणाला, पाहिलंस का? ह्या देशातली माझी पहिली खरी ओळख त्या गोलीमुळे झाली. पुढे त्याला कॅप्टन केलं. नियमानं गोलीला जर्सीवर कॅप्टनचा ‘सी’ लावता येत नाही, तर त्यानं तो मास्कवर रंगवून घेतला. २०१० ला इथेच, ह्याच गावात, कॅनडाला सुवर्ण मिळालं तेव्हा नेटमध्ये तोच होता. आमच्या क्लबसाठी २५० च्या वर विजय आहेत त्याचे. दुसऱ्या कुठल्याही गोलीचे एवढे नाहीत.

मेघाताई: आणि २०११?

विनूकाका: येतो. २०११ चा जूनच लोक धरून बसलेत. बॉस्टनशी फायनल, सातवा सामना घरच्या बर्फावर, ०-४. मग रस्त्यावर जाळपोळ. त्या फायनलमध्ये त्याचे दोन शटआउट (एकही गोल न खाता संपलेले सामने) होते हे कोणाला आठवत नाही.

मेघाताई: मला आठवतात. बॉस्टनला जाऊन ८ खाल्ले, मग ४, मग सहाव्या सामन्यात पहिल्या नऊ मिनिटांच्या आत ३ खाऊन बाहेर आला, तेही आठवतं. चांगला होता, खूप चांगला होता. पण तो तुमच्या घरचा माणूस असल्यासारखं तुम्ही बोलता, म्हणून आकडे मला मांडावे लागतात.

शलाकावहिनी: त्याच वर्षी पहिल्या फेरीत शिकागोविरुद्ध सातव्या सामन्याचा ओव्हरटाइम आठवा. आपल्याकडे एक माणूस कमी होता. त्यांचा शार्प एकटा मोकळा, आणि लू आडवा सरकत आला आणि पॅड लावला. तो गेला असता तर फायनलच झाली नसती.

विनूकाका: शाबास शलाका.

सोमवार, ३ मार्च

बाळूमामा (खडकी): भावोजी, सगळं वाचलं. बर्फावरचं मला कळत नाही, पण गोलकीपर कळतो. मी एक सांगतो. १९९८ ला बँकॉकच्या एशियाडमध्ये ३२ वर्षांनी आपल्याला हॉकीत सुवर्ण मिळालं. फायनल कोरियाशी, टायब्रेकरवर, आणि आशिष बल्लाळनं वाचवलं. आमच्या खडकीचा धनराज कॅप्टन. अख्ख्या खडकीत पेढे वाटले. आणि काही दिवसांत बातमी आली की धनराज, बल्लाळ आणि आणखी सीनियर मुलांना ‘विश्रांती’. जिंकून आलेल्या माणसांना! आज पंधरा वर्षं झाली, पण इथे चहाच्या टपरीवर तो विषय निघाला की अजून आवाज चढतात. बसवायचं तर बसवा, तो तुमचा अधिकार आहे. पण माणसाला बोलावून, समोर बसवून सांगा. त्याला ते पेपरातून कळता कामा नये.

विनूकाका: बाळू, अगदी हेच.

मेघाताई: मामा, इथे प्रश्न नुसता मानाचा नाही, हिशेबाचाही आहे. ऐका, मी रोज हेच करते म्हणून सांगते. १२ वर्षांचा करार, ६ कोटी ४० लाख डॉलर. पहिल्या वर्षी १ कोटी, मग सात वर्षं दर वर्षी ६७ लाख, आणि शेवटच्या दोन वर्षांत फक्त १०-१० लाख. लीगमध्ये प्रत्येक संघाला एकूण पगाराची मर्यादा असते, तिला कॅप म्हणतात. त्या कॅपमध्ये ह्याची सरासरी धरतात, दर वर्षी ५३ लाख. म्हणजे आज हातात जास्त द्यायचे आणि वहीत कमी दाखवायचे. करार संपेल तेव्हा तो ४३ वर्षांचा असेल. तेव्हा तो खेळणार नाही हे सही करतानाच सगळ्यांना कळत होतं.

मग गेल्या वर्षी लॉकआउट (मालकांनी खेळ बंद ठेवला होता तो) संपला आणि लीगनं नियमच बदलला. असा माणूस आधी निवृत्त झाला तर ज्या संघानं फायदा घेतला, त्याच्या कॅपमधून तो फरक वळता होणार. ट्रेड केलं तरी आपल्या वाट्याचा दंड आपल्याच डोक्यावर. म्हणून कोणी हात लावत नाही त्याला. गेल्या एप्रिलमध्ये डेडलाइनच्या दिवशी तो स्वतःच कॅमेऱ्यांसमोर म्हणाला की माझा करारच वाईट आहे, जमलं तर आत्ता फाडून टाकेन. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं होतं, काका. पैसे मिळणारा माणूस असं म्हणतो म्हणजे तो किती अडकला असेल.

शलाकावहिनी: आणि जूनच्या अखेरीस ट्रेड झाला तो आपला दुसरा गोली श्नायडर. सगळे म्हणत होते लू जाणार, श्नायडर राहणार. ड्राफ्टच्या दिवशी नेमकं उलटं. नवव्या नंबरसाठी.

विनूकाका: त्या नंबरवर हॉर्वाट घेतला. पोरगा चांगला आहे म्हणतात. पण माझं म्हणणं तेच आहे! श्नायडरला घालवून तुम्ही लूला सांगितलंत, की तूच आमचा. मग आता आठ महिन्यांत त्याला बेंचवर? ज्याच्यासाठी दुसऱ्याला घालवलंत, त्यालाच? ठेवा त्याला. शेवटपर्यंत ठेवा. लॅकला त्याच्या हाताखाली शिकू द्या.

चिन्मय: बाबा, मी शाळेतून आल्यावर लिहितो. मोठं लिहायचंय.

चिन्मय: हं. मामा, आत्या, तुम्हाला माहीत आहे मी गोली आहे. गेल्या मोसमात आमच्या कोचनं मला बसवलं तेव्हा मला ते वॉर्म-अपला कळलं. पहिले शॉट घ्यायला नेटकडे गेलो तर दुसरा मुलगा आधीच उभा होता. कोणी काही बोललं नाही. मी बाबांनाही लगेच सांगितलं नाही, कारण ते पहाटे साडेपाचला मला रिंकवर सोडतात आणि माझी बॅग त्यांच्याच खांद्यावर असते.

बेंचवर बॅकअप गोलीचं काम काय असतं माहीत आहे? दार उघडायचं. तो दाराशी बसतो. मुलं बदलायला आली की दार उघडायचं, गेली की लावायचं. सगळे घामानं निथळत येतात आणि तू थंड. पॅड बांधलेलेच असतात, कारण कधीही आत जावं लागेल, पण पाय गार पडत जातात. आपल्या संघानं गोल खाल्ला की मनात एक क्षण काहीतरी येतं, आणि ते आलं म्हणून स्वतःचीच लाज वाटते. त्या वेळी कोणी माझं नाव घेऊन ओरडलं असतं तर मला बरं नसतं वाटलं. मला जमिनीत जावंसं वाटलं असतं, कारण नेटमध्ये उभा असलेला मुलगा माझा मित्र आहे. काल लू तिथे बसून ते ऐकत होता. लॅकशी त्याचं किती छान आहे ते सगळ्यांना माहीत आहे.

मी तर म्हणतो त्याला इथे ठेवणं हाच आता त्याचा अपमान आहे. ३४ वर्षांचा आहे, अजून कुठेही पहिल्या नंबरचा गोली होईल. ट्रेड म्हणजे त्याला हाकललं असं तुम्हाला वाटतं. मला वाटतं त्याला खेळायला मोकळं केलं.

बाळूमामा: चिनू, बाळा.

विनूकाका: हे मला कधी सांगितलं नव्हतंस.

चिन्मय: आता सांगितलं.

आत्या (दादर): विनू, पोराचं बरोबर आहे रे.

विनूकाका: ताई, पोराचं बरोबर असेल. पण एक सांगायचं राहिलं. तो शॉट अडवायचा तेव्हा सगळं स्टेडियम ‘लूऽऽ’ करायचं. ते ‘बूऽऽ’सारखं ऐकू यायचं. नवख्या माणसाला वाटायचं, हे लोक ह्याची हुर्यो उडवतायत. २००६ मध्ये मलाही तसंच वाटलं होतं. शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला विचारलं की एवढं चांगलं खेळतोय तरी का हिणवतायत? त्यानं समजावलं. मग मीही तोंड भरून ओरडायला शिकलो. तो आवाज जाणार ह्याचं मला दुःख आहे. बाकी कॅप आणि करार मेघानं बघावा.

मेघाताई: काका, मलाही तो आवाज आवडतो.

मंगळवार, ४ मार्च

शलाकावहिनी: झालं. फ्लोरिडा. अमेयनं ऑफिसमधून फोन केला.

विनूकाका: नक्की?

मेघाताई: नक्की. लुओंगो आणि स्टीव्हन अँथनी तिकडे, गोली जेकब मार्कस्ट्रॉम आणि शॉन मॅथियास इकडे. त्याच्या पगाराचे १५ टक्के शेवटपर्यंत आपण भरायचे. आणि तो आधी निवृत्त झाला तर दंड आहेच.

विनूकाका: बर्तुझीसारखा माणूस देऊन आणला होता त्याला. आणि जाताना मिळाले हे दोघं. जीएमनं, म्हणजे संघाच्या मॅनेजरनं, एवढी दोन वर्षं घोळ घातला नसता तर? गेल्या वर्षी टोरोंटो होतं दारात, निदान तशी चर्चा होती. तेव्हाच काहीतरी धड पदरात पडलं असतं. माझा राग मॅथियासवर नाही, मार्कस्ट्रॉमवर नाही. घरातल्या मोठ्या माणसाला दोन वर्षं उंबऱ्यात उभं करून ठेवलं, ना आत ना बाहेर, ह्याचा आहे.

शलाकावहिनी: मी तर दुपारभर कामात लक्षच देऊ शकले नाही. रविवारी तो सामना पाहायला तिथे होते आणि तो त्याचा इथला शेवटचा दिवस होता. एक मिनिटसुद्धा बर्फावर आला नाही.

आत्या (दादर): फ्लोरिडा म्हणजे तो आधी जिथून आला होता तेच ना?

विनूकाका: तेच. बायकोचं माहेरही तिकडेच. त्याची स्वतःचीही तीच इच्छा होती म्हणतात.

आत्या (दादर): मग त्याच्या मनासारखं झालं की.

बाळूमामा: सकाळी उठून वाचलं. भावोजी, पाठवलं ते ठीक, पण इच्छा होती तिथे पाठवलं हे चांगलं केलं. आमच्या बल्लाळला तेवढंही मिळालं नाही.

विनूकाका: चिन्मय, शाळा सुटली का? बातमी कळली?

चिन्मय: लंचमध्येच कळली. लॉकर रूममध्ये सगळे गप्प होते. आमच्यात दोन गोली आहेत, दोघंही रडलो. बरं झालं असंही वाटतंय आणि रडूही येतंय.

विनूकाका: ये घरी. आईनं साबुदाण्याची खिचडी केली आहे. तुझे पॅड गॅरेजमधून आत आणून ठेवलेत, डाव्या पॅडचा खालचा पट्टा तुटायला आलाय, तो रात्री बसून शिवू. सामना फिनिक्सला आहे आज, लॅक खेळणार. लावायचा का?

चिन्मय: लावायचा. लॅकला आज आपली जास्त गरज आहे.

विनूकाका: बरं. आणि हा मार्कस्ट्रॉम केवढा आहे रे?

चिन्मय: साडेसहा फूट. २४ वर्षांचा. गुडघ्यावर बसला तरी वरच्या बारपाशी खांदे येतात.

विनूकाका: पकडतो कुठल्या हातानं?

चिन्मय: डाव्या. लूसारखंच.