मुलीला तारा बसवायच्या आहेत, पण आधी चार दात काढायला सांगितलेत

कऱ्हाडची_आई
नमस्कार मंडळी. लेक १२ वर्षांची आहे. वरचे दोन्ही सुळे वर चढलेत, पटाशीचे दात पुढे आलेत. डॉक्टर तारा लावा म्हणतात, त्याआधी चार उपदाढा, म्हणजे सुळे आणि दाढांमधले दात, काढायच्या. घरात रोज चर्चासत्र! सासूबाई म्हणतात, वरचे दात काढले की नजर अधू होते. दीर म्हणतात, अक्कलदाढा येईपर्यंत थांबा, नाहीतर त्या पुढचे दात परत ढकलतील आणि पैसे पाण्यात. शेजारच्या ताईंच्या मते तारांनी दात कायमचे खिळखिळे होतात. ऐकू कुणाचं?

तात्या_सातारा
आमच्या वेळी कुणाच्या तोंडात तारा होत्या? दातावर दात असलेली पोर नशीबवान म्हणायचे. थांबा चार-पाच वर्षं, जबडा वाढला की जागा आपोआप होईल.

सुळेबाई
ताई, मी ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे दात सरळ करणारी डॉक्टर आहे, रोज हेच करते. आधी तात्यांना उत्तर देते. जबडा वाढतो, पण लांबी मिळते ती मागे, दाढांसाठी. पुढची कमान, या सुळ्यापासून त्या सुळ्यापर्यंतची, या वयानंतर फारशी रुंदावत नाही. उलट वय वाढेल तशी किंचित आवळते. तेव्हा थांबून जागा मिळणार नाही.

नजरेचं म्हणाल तर वरच्या दातांची नस वेगळी आणि दृष्टीची नस वेगळी. म्हातारपणी दात आणि नजर बरोबरच जातात, म्हणून एकाचा आळ दुसऱ्यावर येतो. कवळी लावून पेपर वाचणारे आजोबा सासूबाईंच्या ओळखीत निघतीलच!

मात्र तारा म्हणजे दात काढायचेच, असंही नाही. गर्दी थोडी असेल तर न काढता भागतं. तुमच्या लेकीचे दात पुढेही आहेत आणि सुळ्यांना जागाही नाही, त्यामुळे सल्ला चुकीचा वाटत नाही. तरी ओपीजी (सगळ्या दातांचा आणि जबड्याचा एकत्र एक्स-रे), बाजूने काढलेला एक्स-रे आणि दातांचा साचा समोर ठेवून ‘किती मिलिमीटर जागा कमी पडतेय ते दाखवा’ असं डॉक्टरांना बिनधास्त विचारा.

आता खिळखिळे दात. तार दाताला एका बाजूला दाबते. दाबाच्या बाजूचं हाड विरघळतं, मागे नवं भरतं, असा दात जिवंत हाडातून सरकतो. त्या काळात तो थोडा हलणारच. उपचार संपले की काही महिन्यांत हाड घट्ट होतं. मुळांची टोकं किंचित झिजू शकतात, हे मी प्रत्येक पालकाला आधीच सांगते; बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही.

‘मॅडम, जरा जास्त आवळा, परीक्षेआधी संपवू’ हे वाक्य मला पाठ झालंय. जास्त आवळलं की मुळाभोवतीच्या नाजूक थराचा रक्तपुरवठा दबतो आणि दात काही आठवडे जागचा हलतच नाही. उपदाढेची जागा साधारण ७ मिलिमीटर, दात सरकणार महिन्याला जेमतेम १ मिलिमीटर. वर बाकीची जुळवाजुळव. म्हणून दीड-दोन वर्षं लागतात.

राहिल्या अक्कलदाढा. त्या मुळात नसलेल्यांचेही खालचे पुढचे दात वयाबरोबर गर्दी करतात. दात जन्मभर थोडे थोडे सरकत असतात. त्यावर उपाय रिटेनर (तारा काढल्यावर दात जागेवर धरून ठेवणारं साधन), अक्कलदाढेची वाट बघणं नव्हे.

कऱ्हाडची_आई
धन्यवाद मॅडम! दिरांना हे सगळं वाचून दाखवलं, गप्प आहेत सध्या. रिटेनर किती वर्षं घालायचा? आणि दिवाळीत चकली चालेल का?

सुळेबाई
सुरुवातीला जवळजवळ दिवसभर, मग रोज रात्री. किती वर्षं म्हणाल, तर दात सरळ हवेत तोवर. चकली, चिक्की, ऊस दातांनी तोडायचं नाही, ब्रॅकेट (दातावर चिकटवलेला, तार धरणारा छोटा तुकडा) निघतं. चकली चुरून खाऊ दे. पेरू फोडी करून. खरी भीती ब्रॅकेटभोवती साचणाऱ्या किटणाची आहे. तारा काढल्यावर चौकोनी पांढरे डाग दिसतात ना, ते तारांचे नसून न घासल्याचे असतात. तारेखालून जाणारा बारीक ब्रश आजच घेऊन ठेवा.

तात्या_सातारा
बरं, मग ५८ व्या वर्षी बसतात का हो? स्वतःसाठी विचारत नाहीये.

सुळेबाई
हिरड्या आणि हाड शाबूत असेल तर बसतात, तात्या. ब्रश करताना रक्त येत असेल तर मात्र आधी हिरड्यांचे उपचार, मग तारा.