चापड्याचा वंश बदलला. फलकावर कोणते नाव लिहावे?

प्रश्न (खानापूर):
चोर्ला घाटात पावसाळ्यात फांदीवर निश्चल बसलेला, कधी हिरवा तर कधी तपकिरी दिसणारा मलबारी चापडा हा विषारी साप जुन्या पुस्तकांत ट्रायमेरेसुरस मलबारिकस आहे, नव्या यादीत क्रॅस्पेडोसेफॅलस मलबारिकस. शाळेच्या फलकावर काय लिहावे?

उत्तर (बेळगाव):
नवे लिहावे. २००४ मध्ये मल्होत्रा आणि थॉर्प यांनी ट्रायमेरेसुरस या वंशाचे (शास्त्रीय नावाचा पहिला शब्द ज्या गटाचा असतो त्याचे) अनेक वंश केले. २०११ मध्ये इतर संशोधकांनी त्याच गटांना उपवंश मानून जुने नाव राखले. म्हणजे वाद मुख्यतः नात्यांचा नव्हता, दर्जाचा होता. २०२१ च्या डीएनए अभ्यासाने भारतीय द्वीपकल्पातील या जाती क्रॅस्पेडोसेफॅलसमध्ये ठेवल्या.

उत्तर (निपाणी):
मला हे पूर्णपणे पटत नाही. दिवड हा पाणसाप २०१८ मध्ये झेनोक्रॉफिसमधून फाउलियात गेला तो योग्यच, कारण झेनोक्रॉफिसची आधारभूत जाती (जिच्याशी वंशाचे नाव बांधलेले असते ती) दिवडाच्या शाखेत बसत नव्हती. चापड्याला मात्र उपवंश पुरला असता आणि सर्पदंशाच्या जुन्या नोंदींशी दुवा टिकला असता.

उत्तर (बेळगाव):
मलबारिकस हे जातिनाम कायम आहे, त्यामुळे दुवा तुटत नाही. सर, मराठी-कन्नड नावांखाली नवे नाव आणि कंसात जुने लिहा. शिवाय आपल्याकडील प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्याच विषांवर बनते, चापड्याच्या नव्हे, हे ठळक अक्षरांत असावे.