घरचा सामाईक संगणक, व्हायरस आणि वाचलेल्या फायली : आपले अनुभव लिहा

आजोबांची टिपणे, वडिलांचा हिशेब आणि मुलांचे खेळ ज्या घरी एकाच संगणकावर नांदतात, तिथे व्हायरस शिरला की दुकानातून ठरलेले उत्तर मिळते : ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ म्हणजे डिस्कवरचे सगळे पुसून टाकायचे. माझ्या मते ती शेवटची पायरी असावी. ज्यांनी फायली न गमावता संगणक स्वच्छ केला, त्यांनी काय केले आणि कोणत्या क्रमाने, हे कृपया तपशिलाने लिहावे.

सोलापूरहून
झेरॉक्सच्या दुकानातून परत आलेला पेनड्राइव्ह लावल्यावर त्यातल्या सगळ्या फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसू लागले आणि त्यानंतर घरातल्या प्रत्येक पेनड्राइव्हची तीच गत झाली. भरलेली जागा मात्र पूर्वीइतकीच दिसत होती, म्हणजे फायली पुसल्या गेल्या नव्हत्या, केवळ लपवल्या गेल्या होत्या. हा व्हायरस मूळ फोल्डरांना ‘हिडन’ आणि ‘सिस्टिम’ असे दोन्ही गुणधर्म लावतो, त्यामुळे लपलेल्या फायली दाखवण्याचा नेहमीचा पर्याय पुरत नाही. आम्ही आधी विंडोज डिफेंडर या विंडोजसोबतच येणाऱ्या अँटिव्हायरसचे ऑफलाइन स्कॅन चालवले. त्यात संगणक पुन्हा सुरू होतो आणि विंडोज उभे राहण्यापूर्वीच तपासणी होते. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे आदेश टाइप करण्याच्या खिडकीत, ‘ॲट्रिब’ या आदेशाने ते गुणधर्म काढले आणि शॉर्टकट न उघडता पुसून टाकले. हाच क्रम उलटा असता, तर संगणकात दबा धरून बसलेल्या व्हायरसने फोल्डर पुन्हा लपवले असते.

इचलकरंजीहून
आमच्याकडे विंडोज धड सुरूच होत नव्हते. शेजाऱ्यांच्या संगणकावर लिनक्स या विंडोजऐवजी चालणाऱ्या प्रणालीचा बूट होणारा, म्हणजे संगणक ज्यावरून सुरू करता येतो असा, पेनड्राइव्ह तयार केला, त्यावरून आमचा संगणक सुरू केला आणि सगळा डेटा बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवला. हार्ड डिस्कवरचा व्हायरस अशा वेळी निद्रिस्तच राहतो. बहुतेक लोक ‘डॉक्युमेंट्स’ आणि ‘पिक्चर्स’ एवढेच उचलतात, पण टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा अनेकदा तिथे नसतो, तो ‘पब्लिक’ फोल्डरात किंवा थेट टॅलीच्या फोल्डरात आकडी नावांच्या उपफोल्डरांत असतो. श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरात टाइप केलेली जुनी पत्रे घेताना फॉन्टही सोबत घ्यावेत, नाहीतर पत्र उघडते आणि वाचता मात्र येत नाही. घरातल्या प्रत्येकाचे खाते वेगळे असेल, तर प्रत्येकाचा ‘डेस्कटॉप’सुद्धा स्वतंत्र तपासावा लागतो. ‘ईएक्सई’ प्रकारची, म्हणजे उघडताच प्रोग्राम चालवणारी, एकही फाइल आम्ही उतरवली नाही. बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय, चालू असेल, तर त्याची रिकव्हरी की आधी हाताशी ठेवावी.

डोंबिवलीहून
कोपऱ्यात सतत ‘आपला संगणक धोक्यात आहे’ अशा सूचना येत होत्या आणि घरात घबराट पसरली होती. तो व्हायरस नव्हताच. कुणीतरी एका संकेतस्थळाला सूचना पाठवण्याची परवानगी दिली होती. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन ती काढली आणि प्रकरण मिटले.

नांदेडहून
फुकटात मिळवलेल्या ‘क्रॅक’ सॉफ्टवेअरबरोबर रॅन्समवेअर, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, आले आणि फोटोंच्या नावांपुढे अनोळखी अक्षरे चिकटली. खंडणी दिली नाही. इंटरनेट तोडले, कुलूपबंद फायली जशाच्या तशा वेगळ्या डिस्कवर ठेवल्या आणि संगणक पूर्ण साफ झाल्यावरच किल्ली शोधली, कारण व्हायरस जिवंत असताना सोडवलेली फाइल पुन्हा कुलूपबंद होऊ शकते. युरोपोल ही युरोपीय संघाची पोलिस संस्था आणि नेदरलँड्सचे पोलिस यांनी सुरक्षा कंपन्यांसह 2016 मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या उपक्रमात अनेक प्रकारांच्या किल्ल्या मोफत मिळतात. आमच्या प्रकारासाठी किल्ली काही फायलींनाच लागली. उरलेल्या आम्ही पुसलेल्या नाहीत, कारण नव्या किल्ल्या नंतरही येत असतात. बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड त्याच संगणकावरून न बदलता फोनवरून बदलले आणि सर्व उपकरणांवरून साइन आउट केले, कारण चोरलेल्या कुकीच्या, म्हणजे ब्राउझरने जपलेल्या लॉगिनच्या खुणेच्या, आधारे पासवर्डाशिवायही खात्यात शिरता येते.